वल्ह्याचा हात

"मॅडम, डोळ्यात नखं का उगवत नाहीत?"

आधी वर्ग गप्प झाला आणि मग असा हसला, की शेजारच्या वर्गातल्या सरांनी भिंतीवर डस्टर आपटलं. ऋतिका मात्र उभीच राहिली. प्रश्न मुळात तिचा नव्हता. मधल्या सुट्टीत सावनी आणि राही या तिच्या दोन मैत्रिणींनी तो जुळवला होता आणि "एवढी भाषणं ठोकतेस ना, मग विचार बघू हे नव्या मॅडमना," म्हणून तिला डिवचलं होतं.

महिन्याभरापूर्वीची ऋतिका असती तर तोंडातून शब्द फुटला नसता. एसटीने येणाऱ्या मुलींच्या मागच्या बाकावर बसायचं, हजेरीला "हजर" म्हणायचं, की दिवसाचं बोलणं संपलं. पण एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धेत मिऱ्या बंदरातल्या या तांडेलाच्या पोरीने रत्नागिरीतल्या भल्याभल्यांना मागे टाकून पहिला नंबर काढला, बक्षिसात मनगटी घड्याळ मिळवलं, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला जणू शीडच लागलं. वारा कुठूनही येवो, ती सुटलीच.

त्या भाषणातली एक जागा तर सगळ्या शाळेला पाठ होती. ऋतिकाने उजवा हात पुढे लांब केला होता. कोपर सरळ झालंच नाही, बाकदारच राहिलं. "बघा," ती म्हणाली होती, "पाच पिढ्या आमच्या घराने वल्हं मारलं, तेव्हा हा बाक आलाय. आमच्याकडे याला वल्ह्याचा हात म्हणतात. हा कुणापुढे पसरायला सरळ होत नाही!" टाळ्या थांबेनात. परीक्षकांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर डोळे पुसले होते.

आणि तिने काही पदरचं सांगितलं नव्हतं. घरात ते असंच मानत. पोर आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याचं कोपर एके दिवशी अडायचं, आणि मग घरात साखर वाटली जायची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा तो अशाच हाताने, बोटीच्या सुकाणूवर बसायचं तेही अशाच हाताच्या माणसाने. ऋतिकाला नवव्या वर्षी हात आला, तेव्हा तिचा बाप दत्ताराम आळीत दारोदार फिरला होता. "पोरगी असून आला हो! दर्याने पोरगी ओळखली!"

तर ती अशी उभी, आणि वर्ग हसतोय. जोगळेकर मॅडम मात्र हसल्या नाहीत. पुण्याला शिकून जूनमध्येच शाळेत आलेल्या, पोरसवदाच दिसायच्या.

"पैज लागलीय ना?" त्या म्हणाल्या. "लागू दे. प्रश्न चांगला आहे. आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. म्हणजे डोळ्याच्या पेशीतही नख कसं करायचं ते लिहिलेलं आहे. मग ती ते वाचत का नाही? अर्धं उत्तर मला येतं. उरलेलं शोधून उद्या सांगते."

बाईंना उत्तर येत नाही आणि तसं त्या बोलूनही दाखवतात, हे दहावी 'ब'ला नवीनच होतं. सावनीचं तोंड बघण्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मॅडम एका विज्ञान मासिकाची झेरॉक्स घेऊन आल्या. फळ्यावर मोठा गोल काढला.

"हे केंद्रक. टाचणीच्या टोकावर शेकडो मावतील एवढं. याच्यात दोन मीटर लांबीचा धागा आहे. तो कोंबलेला नाही, लावून ठेवलेला आहे. ज्या पेशीला जे वाचायचं असतं, तो भाग शक्यतो आतल्या बाजूला मोकळा. जे वाचायचं नसतं, ते घट्ट गुंडाळून बहुतेक करून कडेला. या गोलाला आतून एक अस्तर असतं, कपड्याला असतं तसं, त्या अस्तराला ते बांधून टाकलेलं असतं. डोळ्याच्या पेशीत नखाचा मजकूर असा गप्प करून ठेवलेला असतो."

ऋतिका ताडकन उठली. "मॅडम, हे आमच्या जाळ्यासारखं आहे! ऐंशी वाव लांब जाळं बोटीच्या एका कोपऱ्यात बसवायचं असतं. जे आधी सुटायचं ते वर मोकळं, बाकीचं कडेच्या खुंटीला बांधून. नाहीतर एकदम सगळं पाण्यात जातं आणि गुंता होतो."

"अगदी हेच!" मॅडमच्या हातातला खडू मोडला. "मी रात्रभर असं उदाहरण शोधत होते, बघ."

वर्गाने माना वळवून ऋतिकाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता आपण बसावं. पण शीड भरलेलं होतं.

"आणि मॅडम, ती कडच कुजली तर? अस्तर फाटलं तर?"

"तेच लिहिलंय यात पुढे." मॅडमनी पान उलटलं. "तीनच वर्षांपूर्वी सापडलंय हे. काही घराण्यांत या अस्तराच्या प्रथिनातच दोष असतो आणि तो पिढ्यान् पिढ्या उतरतो. अस्तर सगळ्या शरीरात, पण त्रास ठरावीक जागीच. असं का, ते अजून नीट कळलेलं नाही. कदाचित बांधलेलं सुटतं, नको ते वाचलं जातं, असा एक अंदाज आहे. त्या लोकांची कोपरं लहानपणीच आखडतात, हात सरळ होत नाही. टाचा नीट टेकत नाहीत, म्हणून माणूस चवड्यांवर चालतो. आणि पुढे तिशी-चाळिशीत हृदयाचे ठोके मंद होत जातात. पुष्कळदा कळायच्या आतच माणूस अचानक..."

मॅडमनी वाचता वाचता वर पाहिलं आणि त्या थांबल्या. एक ऑगस्टला त्याही सभागृहात होत्या.

वर्गात कोणी हसलं नाही. ऋतिकाने उजवा हात हळूच बाकाखाली घेतला. एरवी हसून हसून पोट धरणारी राही वहीच्या कोपऱ्यात काहीतरी गिरवत बसली, आणि सावनीने खाली बघितलं ते तास संपेपर्यंत वर बघितलंच नाही.

तास सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. "ऋतिका, मी डॉक्टर नाही. वाकलेलं कोपर पन्नास कारणांनी असू शकतं. एवढंच सांग, घरात कोणी असं अचानक गेलंय का?"

ऋतिकाने दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला. "नाही मॅडम," ऋतिका म्हणाली.

"बरं. तरी सांगून ठेवते. कार्डिओग्राम काढायला दहा मिनिटं लागतात, सुई नाही, काही नाही. आणि ठोका अडत असेल, तर मुंबईला छातीत लहानसं यंत्र बसवतात. हाताचं, पायाचं काही करता येत नाही अजून. पण त्याने माणूस वाचू शकतो."

एसटीत तिला खिडकी मिळाली. पण मिऱ्या आलं कधी आणि ती उतरली कधी, हे तिचं तिला कळलं नाही.

घराच्या पायरीशी चपला होत्या. रोज असायच्या. आज ती उभी राहून बघत राहिली. बाबांच्या चपला पुढून झिजून कागदासारख्या झालेल्या, टाचेकडे दुकानातून आणल्यासारख्या नव्या. तिच्या स्वतःच्या घरच्या सपाता तशाच. सखारामकाकाच्या चपला काकीने अजून टाकल्या नव्हत्या, त्याही तशाच. आणि शेवटी सहा वर्षांच्या चिमीच्या, सखारामकाकाच्या मुलीच्या, बोटभर लाल चपला. पुढे भोक पडलेलं, मागे रंग शाबूत.

चिमी अंगणात सुरपाटीच्या रेघांवर उड्या मारत होती, चवड्यांवर. "पाखराचे पाय हायत पोरीचे," आजी असेतो म्हणायची. "जमिनीला लागतच नायत."

आजोबा एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, जाळं ओढताना. सखारामकाका अडतिसाव्या वर्षी, दोन वर्षांमागे. दर्या तेलासारखा सपाट, आभाळ निरभ्र, आणि काका सुकाणू धरल्या धरल्या खाली बसला तो उठलाच नाही. या दोन्ही गोष्टी घराला ठाऊक होत्या. हाताचीही गोष्ट ठाऊक होती. फक्त या गोष्टी एका टोपलीत कोणी ठेवल्या नव्हत्या. हात हा दर्याचा मान होता, आणि मरण हे कोणाच्या तरी चुकीचं फळ. काकाच्या वेळी ती चूक तुळसाकाकीची ठरली. त्या दिवशी पहाटे तिने अंगणात पसरलेलं जाळं ओलांडलं, असं शेजारच्या कोणीतरी पाहिलं होतं. बाईमाणसाने जाळं ओलांडायचं नसतं. काकीला घरातून कोणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून पुढच्या अंगणात जाळं असलं की ती मागच्या दाराने ये-जा करायची. पावसाळाभर जाळी दुरुस्तीला पसरलेलीच असत, त्यामुळे पावसाळाभर ती मागल्या चिखलातूनच विहिरीवर जायची.

दत्ताराम आता बेचाळीस वर्षांचा होता.

रविवारी जेवून तो पडवीत आडवा झाला होता. ऋतिका त्याच्या उशाशी बसली आणि तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, दुसऱ्या हातात बक्षिसाचं घड्याळ. काटा फिरत होता. एक ठोका, मग खूप वेळ काहीच नाही, मग एक. मध्ये एकदा तर दोर हातातून सुटावा तसं सगळं ढिलं पडलं आणि तिने बोटं आणखी घट्ट दाबली.

"काय गो?" दत्तारामने एक डोळा उघडला. "नाडी बघतेस? डाक्टरीण झालीस काय?"

"छत्तीस."

"काय छत्तीस?"

"तुमचे ठोके, बाबा. मिनिटाला बहात्तर हवेत."

"मंग अर्ध्यात भागतंय माझं." तो हसला. "बापूस काटकसरी हाय तुझा."

"बाबा, तुम्हाला चक्कर येते ना?"

"पित्त हाय ते."

"परवा होडीला धरून उभे होतात. पाच मिनिटं."

"सांगितलं ना, पित्त."

मग ऋतिकाने सांगितलं. स्टेजवर बोलायची तसं नाही, अडखळत, मागचं पुढे नि पुढचं मागे. पेशी, धागा, अस्तर, हात, टाचा, आजोबा, काका. आई, म्हणजे बकुळा, तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. दत्ताराम उठून बसला. तो पोरीकडे बघत नव्हता, स्वतःच्या कोपराकडे बघत होता.

"माझा बापूस रोगी होता?" तो म्हणाला.

"तसं नाही बाबा..."

"सखाराम रोगी होता? आख्खं जाळं एकटा खेचायचा तो. पंधरा दिवस झाले नाय, तू स्टेजवर काय बोललीस? पाच पिढ्या, पाच पिढ्या! लोक मला रस्त्यात थांबवून सांगत होते. आणि आज त्याच पाच पिढ्यांना रोगी करून आलीस?"

"हळू बोला," बकुळा म्हणाली. "भिंतीपलीकडं माणसं हायत. ऋते, हे बोललीस ते बोललीस, परत नको. घराण्यात रोग हाय असं एकदा सुटलं की तुला कोण करून घेईल? चिमीला कोण घेईल?"

"आये, बाबांचे ठोके..."

"पुरे म्हटलं ना!" सूप खाली आपटलं, तांदूळ सांडले. बकुळा ते वेचायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

स्वयंपाकघराच्या दारात तुळसाकाकी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. पदराला हात पुसत होती. हात कोरडेच होते.

"ऋतिका," ती म्हणाली, "त्या तुझ्या बाईंनी जाळ्याचं काय सांगितलं गो?"

"जाळ्याचं?"

"म्हणजे... कोणी ओलांडलं तर. त्याने पण होतं काय तसं?"

ऋतिका उठून तिच्याजवळ गेली.

"नाही काकी," ऋतिका म्हणाली. "जाळ्याने काही होत नाही. ते काकाला जन्मापासून होतं."

काकीने मान हलवली, जणू बाजारातला भाव ऐकला, आणि ती आत गेली. दत्ताराम उठला आणि वाळूकडे चालू लागला, चवड्यांवर. ऋतिकाला आजवर ती चाल रुबाबदार वाटायची.

दुसऱ्या दिवशी तुळसाकाकी कळशी घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली. बकुळाने बघितलं. अंगणभर जाळं पसरलं होतं. काकी त्याच्या कडेशी थांबली, थोडा वेळ उभी राहिली, आणि मग कडेकडेने सगळा वळसा घालून विहिरीकडे गेली. ओलांडायचं तिच्याने झालंच नाही.

शाळेत राही म्हणाली, "ऋतिका, आम्ही नुसती गंमत केली गं. आम्हाला काय माहीत..."

"बरं झालं विचारलं," ऋतिका म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. रात्री अंथरुणात ती स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि मोजायच्या आधीच काढून घ्यायची. वाटायचं, प्रश्न विचारला नसता तर हात अजून वल्ह्याचाच राहिला असता. बाबा तरीही गेले असते. पण दर्याने नेलं असं म्हणून आपण रडलो असतो, आणि चूक आईच्या नावावर टाकली असती.

आईच्या नावावर. हे मनात आलं आणि ती उठूनच बसली.

नारळी पौर्णिमा परवावर आली होती. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेली. जोगळेकर मॅडम वह्या तपासत होत्या.

"मॅडम, मी त्या दिवशी खोटं बोलले. दोघं गेलेत. आजोबा आणि काका. आणि बाबांचे ठोके छत्तीस आहेत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कपाळावर हात मारला नाही, की जवळ घेतलं नाही. त्या उठल्या, ऑफिसातल्या फोनवरून कोणाशी तरी बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "माझ्या ओळखीचे हृदयाचे डॉक्टर आहेत. उद्या सण असला तरी सकाळी दवाखान्यात थांबतील. बाबांना आणशील?"

"बाबा येणार नाहीत," ऋतिका म्हणाली. "पण बघते."

नारळी पौर्णिमेची सकाळ ढगाळ होती. बोटींना पताका लागल्या होत्या, वाळूवर ढोल वाजत होता. दत्तारामने पांढरा सदरा घातला होता, हातात सोनेरी कागदाचा नारळ. घराण्यात वल्ह्याचा हात आता त्याचा एकट्याचा होता. म्हणजे मोठ्या माणसांत. नारळ देऊन मंडळी बोट पाण्यात लोटणार आणि दोन दिवसांनी मोसमाची पहिली फेरी, सुकाणूवर तो.

उंबऱ्यावर तो थांबला. चौकट धरली. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठांवर घाम. अर्धं मिनिट, जास्त नाही. मग त्याने मान झटकली आणि आजूबाजूला बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. बकुळाने पाहिलं होतं. तिने हातातलं आरतीचं तबक खाली ठेवलं.

आतून ऋतिका आली. सणाचा परकर-पोलका नाही, शाळेचा गणवेश. तिच्या मागे तुळसाकाकी, आणि काकीचं बोट धरून चिमी, चवड्यांवर.

"हे काय?" दत्ताराम म्हणाला. "नारळाला हे कपडे?"

"मी नारळाला येत नाही, बाबा."

"अगो, सण हाय..."

"ऐका ना. तू पण ऐक, आये." तिला वाटलं होतं आवाज चढेल, जसा स्टेजवर चढतो. तो चढला नाही. तो साधाच आला, घरातल्या माणसाशी बोलतात तसा. "साडेनऊच्या एसटीने मी कार्डिओग्राम काढायला जातेय. माझा. बाबांचा नाही, माझा. काकी चिमीचा काढणार आहे. डॉक्टर थांबलेत. कागदावर काय उमटेल ते मला ठाऊक नाही, पण जे उमटेल ते मी लपवणार नाही. शाळेत विचारलं तर शाळेत सांगेन, आळीत विचारलं तर आळीत. पाच पिढ्यांचं मोठ्याने सांगितलं ना, मग हेही मोठ्याने. लग्न व्हायचं असेल तर ते ऐकूनच होईल, आये."

"ऋते," बकुळा म्हणाली.

वाळूवरून कोणीतरी हाक मारली, "दत्ता, भरती चढली रे!" नारळ त्याच्या वाकड्या हातात तसाच होता.

"नारळ द्या बाबा," ऋतिका म्हणाली. "दर्याचा मान दर्याला द्या. पण नंतर सुकाणूला हात लावू नका. डॉक्टरच्या बाकड्यावर मी तुमची जागा धरून बसणार आहे, आणि तुम्ही येईपर्यंत मी तिथून उठणार नाही."